चार एमबीचा दाखला

परवा तुर्भ्याच्या आमच्या वस्तीतली एक मुलगी रडवेली होऊन आली. "काका, फॉर्म दाखलाच घेत नाही!" शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत त्याच रात्री बाराला संपत होती. दाखला खरा, शिक्का खरा. मग अडले कुठे? मोबाईलने काढलेला दाखल्याचा फोटो 4 एमबीचा आणि अर्जातली मर्यादा 256 केबीची. "पण काका, चार तर दोनशे छप्पनपेक्षा लहान ना?"

वाचकहो, हसू नका. पाच क्विंटल हे पन्नास किलोपेक्षा कमी असे आपल्यात कोणी म्हणणार नाही, कारण ती मापे आपण पाठीवर वाहिली आहेत. ही मापे नवी आहेत, इतकेच.

सर्वांत लहान माप बिट, म्हणजे 0 किंवा 1. आठ बिटांचा एक बाइट, 1024 बाइटांचा केबी, 1024 केबींचा एमबी, 1024 एमबींचा जीबी. म्हणजे मुलीचा दाखला 4096 केबींचा, मर्यादेच्या सोळापट! हा 1024 आला एकाची दहा वेळा दुप्पट केल्याने. पेन ड्राइव्ह बनवणारे मात्र हजाराने मोजतात. म्हणून 64 जीबीचा ड्राइव्ह संगणकात 59.6 दिसतो. दुकानदाराशी भांडू नये.

युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. 'भीम' लिहायला भ, वेलांटी आणि म मिळून 9 बाइट. तरी टाइप केलेले पानभर मराठी दहा केबींच्या आत-बाहेर बसते. फोटो जड, कारण त्यात ठिपक्याठिपक्याचा रंग नोंदलेला असतो.

ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. तिथे जीबीच्याही कितीतरी पुढची मापे चालतात, आणि शेजारच्या वस्तीतली आमची लेक केबीवर अडते, हे आम्हाला खटकते.

असो. दाखल्याभोवती आलेले टेबल आणि चादर आम्ही कापली, फोटोची लांबी-रुंदी कमी केली. पहिल्या खेपेला इतका आवळला की शिक्का वाचेना. दुसऱ्यांदा 210 केबींवर थांबलो. साडेदहाला अर्ज गेला. मूळचा 4 एमबीचा फोटो मात्र पुसू दिला नाही. लहान केलेल्या फोटोतला गेलेला तपशील परत येत नाही.