लेखी तक्रार आहे का?

गेल्या वर्षी बकरी ईदच्या आठ दिवस आधी मी आयुष्यात पहिल्यांदा शांतता समितीच्या बैठकीला गेलो. पोलीस ठाण्याचा वरचा मजला, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर वरिष्ठ पोलीस निरीक्षक. पहिल्या रांगेत बॅनरवर लहानपणापासून पाहिलेले चेहरे : मशिदींचे विश्वस्त, गणेश मंडळांचे अध्यक्ष, दोन माजी नगरसेवक. आधी सत्कार, मग चहा. त्यानंतर कुर्बानीचा कचरा, रस्त्यावरची नमाज, भोंग्याचा आवाज. ‘साहेब, आमच्या भागात कायम भाईचारा आहे’ हे वाक्य मी सात वेळा मोजलं. पस्तिशीच्या आतला मी एकटाच होतो. बाई एकही नव्हती.

शेवटी मी हात वर केला. आमच्या मोहल्ल्यातल्या शाळेमागच्या गल्लीचा विषय काढला. तिथले दिवे सहा महिने बंद होते. मगरिबनंतर बाइकवरची पोरं उभी राहत, नशेच्या गोळ्या विकल्या जात. क्लासवरून येणाऱ्या मुली लांबचा वळसा घालून घरी जात. समोर राहणाऱ्या एका खालांनी तर नातीचा क्लासच बंद केला होता.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘लेखी तक्रार आहे का?’

नव्हती. त्यांनी आवक रजिस्टर मागवलं. या गल्लीबद्दल एकही अर्ज नव्हता. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र याच विषयावर शेकडो मेसेज पडले होते. ‘पोलीस झोपलेत’, ‘सगळे हप्ते खातात’, वगैरे. त्यातल्या काहींवर माझाही अंगठा होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कँटीनमध्ये कुणी ‘तुमचं ॲप चालत नाही’ म्हणालं, की माझं ठरलेलं उत्तर असतं : टिकेट टाका. टिकेट नसेल तर बग कुणाच्याच नावावर चढत नाही, तो सुटला की नाही हेही कुणी विचारत नाही. दिवसभर लोकांना हे ऐकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या गल्लीसाठी सहा महिन्यांत एक कागद लिहिला नव्हता.

आपण का लिहीत नाही, याचं सोपं उत्तर आळस असं देता येईल, पण ते खरं नाही. माझे अब्बा सांगायचे, पोलीस ठाण्याची पायरी चढू नये. तक्रार करायला गेलेल्या पोराचंच नाव-पत्ता लिहून घेतील, उद्या काही झालं की आधी त्यालाच बोलावतील, ही धास्ती आपल्या घराघरात आहे. ती मनाचा खेळ नाही. मुंबईच्या दंगलींवरच्या श्रीकृष्ण आयोगाने पोलिसांमधल्या मुस्लिमविरोधी पूर्वग्रहाची नोंद केली आहे, आणि तो अहवाल 1998 पासून सर्वांसमोर आहे. म्हणून ‘घाबरू नका’ असं मी कुणाला सांगणार नाही. पण या भीतीची किंमत कोण मोजतं ते पाहा. आपण गेलो नाही तरी बैठक होतेच. पहिल्या रांगेतले लोक आपल्या वतीने बोलतात. ते वाईट नाहीत. तणावाच्या रात्री दोन वाजता रस्त्यावर उतरणारे तेच असतात. पण शाळेमागच्या गल्लीतून त्यांना कधी चालत जावं लागत नाही.

इथे भिवंडी आठवते. 1970 आणि 1984 मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. 1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी वस्त्यावस्त्यांत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यात हिंदू आणि मुस्लिम दोघेही होते, आणि भर पुढाऱ्यांवर नव्हता, साध्या माणसांवर होता. सण किंवा तणाव नसतानाही पोलीस आणि रहिवासी एकत्र बसत, आणि रोजची भांडणं-गाऱ्हाणी तिथे निघत. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. मुंबई जळाली आणि भिवंडी का नाही, यावर खोपडेंनी पुढे पुस्तकच लिहिलं. 1994 पासून मुंबईतही तशा कमिट्या सुरू झाल्या, त्यात आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांचा पुढाकार होता.

भिवंडीची गोष्ट आपण नेहमी भाईचाऱ्याची म्हणून सांगतो. मला त्यात दुसरंच दिसतं. रोजच्या बारीक तक्रारींमुळे पोलिसाला माणसं चेहऱ्याने माहीत झाली आणि माणसांना पोलीस. आपली शांतता समिती वर्षातून चार वेळा, मिरवणुकीच्या तोंडावर भरते. मधल्या दिवसांत आपल्या बीट अंमलदाराचं नाव किती जणांना माहीत असतं? मला नव्हतं.

बैठकीनंतर आम्ही अर्ज लिहिला. एक पान. तारखा, वेळा, दिव्याच्या खांबांचे नंबर. कुणावर आरोप नाही, पाहिलं तेवढंच. खाला, आणखी दोन बायका आणि मी घेऊन गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, साहेब नाहीत, ठेवून जा. पोच मागितली तर, उद्या या. उद्या गेलो, तेव्हा परवा. तिसऱ्या दिवशी अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला आणि प्रत उपायुक्तांना ईमेल केली. चौथ्या दिवशी ठाण्यातूनच फोन आला. शिक्का आणि आवक क्रमांक मिळाला.

कायद्याचं थोडं सांगायला हवं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा ललिता कुमारी खटल्यातला निकाल 2013 चा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कोणाचीही असो, माहिती घ्यावीच लागते, आणि फिर्यादीला प्रत मोफत मिळते. नकार दिला तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे (शहरात उपायुक्तांकडे) पाठवायची, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. खालांना सगळ्यात मोठी काळजी होती ‘मला ठाण्यात बोलावतील का’ याची. त्याच संहितेच्या कलम 179 प्रमाणे साक्षीदार बाईला तिच्या राहत्या जागेखेरीज कुठे हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. हे वाचून दाखवल्यावर त्यांनी सही केली. आणि अर्जाचं काय झालं हे कुणी सांगत नसेल, तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीचा अधिकार आहेच. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

दिवे पोलिसांचं काम नव्हतं, त्यासाठी पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात वेगळा अर्ज दिला. महिन्याभरात चारपैकी तीन लागले. शाळा सुटायच्या वेळी बीट मार्शल यायला लागले, पाचेक आठवडे नियमित आले, मग बंद झाले. गोळ्यावाले पुढच्या चौकात सरकले आहेत. खालांची नात मात्र पुन्हा क्लासला जाते.

दुसरा अर्ज आम्ही गेल्या सोमवारी दिला. या वेळी पोच पहिल्याच दिवशी मिळाली. पहिल्या अर्जावर चार सह्या होत्या, यावर एकवीस आहेत. त्यात पुढच्या चौकातली सहा हिंदू घरं आहेत. त्यांच्याही मुली त्याच क्लासला जातात, हे आम्हाला सह्या घ्यायला गेल्यावर कळलं.