उपयोग काय, म्हणे!

गेल्या महिन्यात हापिसात जेवणाच्या टेबलावर माझ्याकडून एक चूक झाली. वीकांताला काय केलंस, असं कुणीतरी सहज विचारलं आणि मी खरं उत्तर दिलं. लोणावळा, वेबसीरिज, गाडीचं सर्व्हिसिंग, काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण मी म्हणालो, "एका ११८ अंकी संख्येचे अवयव पाडत होतो."

दोन सेकंद शांतता. मग डबा बंद करता करता एकाने विचारलंच. "पण त्याचा उपयोग काय?"

या प्रश्नाची मला आता खरोखर चीड यायला लागली आहे. म्हणून हा लेख. ज्यांना गणिताची ॲलर्जी आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण इथे लागणारं गणित सहावीच्या पलीकडचं नाही.

खेळ असा आहे. एक संख्या घ्या. तिला ज्यांनी पूर्ण भाग जातो अशा, तिच्याहून लहान सगळ्या संख्यांची बेरीज करा. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच करा. १२ घेतले तर १+२+३+४+६, म्हणजे १६. मग १५, मग ९, मग ४, ३, १ आणि खेळ खल्लास. ६ घेतले तर १+२+३, पुन्हा ६. हा बाबा जागचा हलतच नाही, म्हणून त्याला परिपूर्ण संख्या म्हणतात. २२० चे २८४ होतात आणि २८४ चे परत २२०. ही जोडी ग्रीकांना माहीत होती. ११८४ आणि १२१० ही त्यानंतरची सगळ्यात लहान जोडी मात्र ऑयलरसारख्या दिग्गजाच्याही नजरेतून सुटली. ती १८६६ मध्ये सापडली पॅगानिनी नावाच्या सोळा वर्षांच्या इटालियन पोराला. पुढे १९१८ मध्ये पूले या बेल्जियन हौशी गणित्याने १४३१६ पासून निघून अठ्ठावीस पावलांनी परत १४३१६ वर येणारं चक्र शोधलं. संगणक तेव्हा कुठला असणार!

प्रत्येक माळ अशी कुठेतरी संपते किंवा गोल फिरते, असा अंदाज १८८८ मध्ये कातालानने मांडला आणि १९१३ मध्ये डिक्सनने तो नीट करून घेतला. सिद्ध आजपर्यंत कुणाला करता आलेलं नाही. १३८ पासून सुरुवात केली तर आकडा १७९९३१८९५३२२ पर्यंत चढतो आणि १७७ व्या पावलाला मुकाट १ वर येतो. पण २७६? त्याच्या माळेची २१०० हून अधिक पदं काढून झाली आहेत, आकडा दोनशेहून जास्त अंकांचा झाला आहे, आणि शेवट दिसत नाही. हजाराच्या आत असे पाच हट्टी आहेत: २७६, ५५२, ५६४, ६६० आणि ९६६. पूर्वी यांत ८४० पण होता. तो शेवटी ६०१ या मूळ संख्येवर येऊन संपला.

आता यात स्वयंसेवक कुठून आले? विभाजकांची बेरीज करायची तर आधी संख्येचे मूळ अवयव पाडायला लागतात, आणि खरं दुखणं तिथेच आहे. गुणाकार सोपा असतो, त्याचा उलटा प्रवास जीवघेणा. दीडशे अंकी अवघड संख्या असेल तर घरचा संगणक दिवसच्या दिवस राबतो. म्हणून जगभरातली माणसं काम वाटून घेतात. ही माळ माझ्याकडे, ती तुझ्याकडे. "मी घेतली" असं आधी सांगायचं, म्हणजे दोघांनी एकच दळण दळायला नको. फारच मोठी संख्या अडली तर तिचंही चाळणीकाम दहा जणांत वाटायचं. अवयव सापडले की सगळ्यांना दिसेल अशा एकाच ठिकाणी जमा करायचे. कुणाला पगार नाही, बक्षीस नाही. मोठ्या मूळ संख्येच्या शिकारीला निदान पेपरात जागा मिळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरँटला ४ कोटी १० लाख अंकांची मूळ संख्या सापडली तेव्हा जगभर बातम्या झाल्या. २७६ चं पुढचं पद निघालं तर बायकोसुद्धा "बरं" एवढंच म्हणते.

पण एक गंमत बघा. मी म्हणालो, अमुक संख्येचे अवयव हे. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवायची काही गरज नाही. गुणून बघा. मला जे शोधायला अकरा तास लागले ते तुम्ही डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासू शकता. मी कोण, कुठला, माझी डिग्री काय, याला शून्य किंमत. ज्या देशात "नासाने मान्य केलं" म्हणून वाट्टेल ते फॉरवर्ड होतं तिथे मला हा व्यवहार फार थंडगार वाटतो.

त्या ११८ अंकी संख्येची रात्र धानोऱ्यात गेली. धानोरा आमच्या मामाचं गाव, नंदुरबारजवळ. मी दोन दिवसांसाठी गेलो होतो आणि लॅपटॉप सोबत होताच. ओसरीवर खुर्चीवर ठेवला, पंख्यासारखा घोंगावत होता. मामाला रात्री शेतात जायचं होतं, कारण थ्री-फेज लाईनची पाळी रात्रीची. जाता जाता थांबला. "काय करी राहिना रे?" मी सांगितलं. माणूस मिरचीवाला. एका रात्रीत भाव पडलेला आणि पथारीवर वाळत घातलेली मिरची अवकाळीत भिजलेली त्याने पाहिली आहे. म्हटलं, आता हा पण विचारणार. तो म्हणाला, "मग संपतं का ते कुठं?" मी म्हटलं, माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. "बरं," म्हणाला, "लाईट गेली तर?" आणि बॅटरी घेऊन निघून गेला.

लाईट गेलीच, पहाटे साडेतीनला. बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला. प्रोग्राम झालेलं काम फाईलमध्ये लिहीत जातो, त्यामुळे नुकसान दहा-पंधरा मिनिटांचं. असो. सांगायचं ते हे की या सगळ्या भानगडीतले दोन बरोबर प्रश्न, शेवट आहे का आणि लाईट गेली तर काय, आयटी पार्कातल्या कुणीही विचारले नाहीत.

मला कळतं, इथे सज्जन लोक आमची बाजू घ्यायला पुढे येतात. म्हणतात, अरे, आज निरुपयोगी वाटतं ते उद्या उपयोगी ठरतं! अवयव पाडणं अवघड आहे यावरच तर कूटलेखन उभं आहे. १९७७ मध्ये आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये सुमारे सहाशे स्वयंसेवकांनीच ई-मेलवर काम वाटून फोडली की! सगळं खरं आहे. पण ही वकिली मला नको. तिच्यात एक कबुली दडलेली आहे: उपयोग निघाला तरच हे क्षम्य. २७६ ची माळ संपते की नाही यातून कुणाच्या बँकेचं खातं सुरक्षित होणार नाही, आज नाही आणि बहुधा कधीच नाही. तरीही ते करण्यासारखं आहे. मित्रहो, तुमच्या गिर्यारोहणाचा, तुमच्या हाफ मॅरेथॉनचा उपयोग कधी कुणी विचारला? एकवीस किलोमीटर पळून तुम्ही जिथून निघालात तिथेच परत येता. अगदी १४३१६ सारखे.

आणि मग कापरेकर. दर दोन-तीन महिन्यांनी माझ्या फोनवर ६१७४ येतो. कुठलेही चार अंक घ्या (चारही सारखे नकोत), उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि तिथे कायमचा मुक्काम. जास्तीत जास्त सात पावलं. खाली तिरंगा, हात जोडलेले, "गर्व आहे मराठी असल्याचा".

गर्व कसला रे? द. रा. कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले, १९८६ मध्ये गेले. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिकवत होते. डेमलो (म्हणजे आताच्या डोंबिवली) स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेमलो संख्या नाव दिलं. ६१७४ त्यांना १९४९ मध्ये सापडला. आणि आपल्याकडच्या विद्वानांनी काय केलं? हे पोरखेळ आहेत, यात खोल काही नाही, म्हणून मोडीत काढलं. स्वतःच्या पैशाने पुस्तिका छापायला लागायच्या त्यांना. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे आपल्या लक्षात आलं की आपल्याकडे एक कापरेकर आहेत. निवृत्त होऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती. त्यांनाही नक्की हाच प्रश्न विचारला गेला असणार. विचारणारे आपलेच आजोबा-पणजोबा.

कापरेकर जे करत होते ते हेच होतं. एक साधा नियम, पुन्हा पुन्हा लावायचा, आणि कुठे पोचतो ते वहीत लिहायचं. फक्त काम वाटून घ्यायला त्यांना कुणी नव्हतं. आज आहे. प्रोग्राम फुकट, त्यांचा कोड उघडा, आणि तो समजण्याची अक्कल निदान आपल्या धंद्यातल्या माणसाला असायला हवी. मग आपण काय करतो? त्यांचा फोटो पुढे पाठवतो. खानदेशातल्याच पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख आहे. त्याचाही फोटो पाठवतो. ग्रंथ उघडत नाही.

आता दोन आक्षेप रास्त आहेत, ते मान्य करतो. पहिला, कितीही पदं काढली तरी माळ अनंत आहे हे त्यातून सिद्ध होणार नाही. बरोबर. उद्या २७६ संपली तर तिचा निकाल लागला, नाही संपली तर आपण आहोत तिथेच. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. ६ ने भाग जाणारी (सहाहून मोठी) संख्या आली की पुढचं पद मोठंच येणार, आणि तो ६ एकदा चिकटला की सहजी सुटत नाही. पन्नास-पन्नास पदं नुसती चढण. मग कधीतरी ३ गळतो, २ एकटा उरतो, आणि माळ उतरणीला लागते. त्या दिवशी कुठल्या कुठल्या देशांतली चार माणसं एकदम जागी होतात. दुसरा आक्षेप विजेचा. तो मला टोचतो, विशेषतः धानोऱ्यात. लॅपटॉपला रात्रभरात अर्धा-पाऊण युनिट लागलं, ते मी मामाला द्यायला गेलो आणि शिव्या खाल्ल्या. पण हापिसातल्या मित्रांनी तो काढू नये. आमचे टेस्ट सर्व्हर दर शनिवार-रविवार कुणासाठीही काहीही न करता चालू असतात.

चीड येण्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. माझी मामेबहीण नववीत आहे. त्या दिवशी सकाळी लाईट आल्यावर तिने विचारलं, मी तिला २७६ दिला. वही घेऊन बसली. ३९६, ६९६, ११०४, १८७२, ३७७०. पुढचं मी तोंडी सांगितलं, ३९७०. ती म्हणाली, "नाही दादा, ३७९०." मी पुन्हा मांडलं. ३७९०. सतरा वर्षांचा माझा अनुभव, आणि पोरगी बरोबर. आठवड्याने ती वही तिने नंदुरबारच्या क्लासमध्ये सरांना दाखवली. सर म्हणाले, हे परीक्षेला येत नाही, वेळ घालवू नकोस, फाउंडेशनचा पेपर सोडव. फोनवर मला सांगताना ती हसत होती, पण पुढचे तीन आठवडे एकही आकडा आला नाही.

सरांना दोष देऊन काय करू? हापिसातला माझा मित्र आयआयटीचा आहे, आणि दोघांचा प्रश्न एकच.

काल रात्री मात्र मेसेज आला. २७६ तिने सोडलाय, "तो संपत नाही ना" म्हणून. आता १३८ धरला आहे, कारण तो संपतो हे तिला माहीत आहे आणि तिला स्वतः संपवायचा आहे. १५०, २२२, २३४ करत १३२५४ पर्यंत पोचली आहे. तिथे एक दिवस अडली होती. "दादा, यात ४७ दोनदा आहे, आधी मला एकदाच दिसला," असं लिहिलंय, आणि खाली पुढचं पद: १३८३०.

गुणून बघितलं. बरोबर आहे. अजून १६४ पावलं आहेत.