माफी मागतो की मागतोय?

शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पुण्याला नोकरीला आलेल्या पोरांना कोडपेक्षा ईमेलची धास्ती जास्त असते. 'आय लुक फॉरवर्ड' लिहायचं की 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड'? 'आय होप' की 'आय ॲम होपिंग'? मग कुणीतरी तयार नमुने पाठवतं आणि सगळे तेच चिकटवतात. माझं मत विचाराल तर हे पाठांतर बंद करावं. उत्तर आपल्याला येतं, फक्त ते मराठीत येतं.

'मी माफी मागतो' आणि 'मी माफी मागतोय' घ्या. पहिल्या वाक्यात माफी मागून होते. दुसऱ्यात नुसतं वर्णन उरतं, आणि पुढे 'ना!' लावलं की चक्क भांडण! काही क्रियापदं उच्चारली की ती कृती तिथेच घडते, हे जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाच्या १९६२ सालच्या पुस्तकात सविस्तर आलंय. म्हणून 'आय अपॉलोजाइज', 'आय रिक्वेस्ट'. तिथे 'इंग' नको.

आता दुसरी बाजू. साहेबांकडे जाऊन 'मला सुट्टी हवी' असं कोण म्हणतं? 'जरा दोन दिवस सुट्टी हवी होती' असंच म्हणतो. आमच्या मेहकर-चिखलीकडे 'मले दोन दिवस सुट्टी पाह्यजे होती'. सुट्टी तर आत्ता हवीये, मग 'होती' कशाला? तर समोरच्याला 'नाही' म्हणायला जागा राहावी म्हणून. 'आय वॉज वंडरिंग' म्हणजे तरी दुसरं काय? भूतकाळ मागणीला जरा लांब ठेवतो, 'इंग' ती अर्धी सोडतो. 'आय ॲम होपिंग' हे 'आय होप'पेक्षा मऊ लागतं ते याचमुळे. वऱ्हाडी माणूस रांगडा बोलतो म्हणणाऱ्यांनी हे 'होती' जरा ऐकावं. (ह. घ्या.)

राहिलं 'लुक फॉरवर्ड'. दोन्ही रूपं बरोबर आहेत. साधं रूप औपचारिक, म्हणून नव्या क्लायंटला ते. 'लुकिंग' जवळिकीचं, रोज बोलणाऱ्या टीममेटला चालतं. पुढे मात्र दोन्हीकडे 'टू हिअरिंग'च.

आणि ते 'आय ॲम हॅविंग अ डाउट'? मुंबईचे कवी निसिम इझिकेल यांनी मिस पुष्पांच्या निरोप समारंभावरच्या कवितेत असल्या 'इंग'ची भरपूर टिंगल केली आहे. लोक त्याचं खापर मातृभाषेवर फोडतात. पण मराठीत आपण सरळ 'मला शंका आहे' म्हणतो की! हा 'इंग' मराठीने दिलेला वाटत नाही, इंग्रजी जास्त इंग्रजी वाटावी या धडपडीत तो येत असावा.

तेव्हा 'सेंड' दाबण्याआधी वाक्य एकदा आपल्या बोलीत म्हणून बघा. दर वेळी जुळेलच असं नाही. 'मला वाटतंय'चं इंग्रजी 'आय थिंक'च होतं. पण समोरच्याला किती जागा द्यायची, हे नमुन्यापेक्षा आपला कान जास्त चांगलं सांगतो. मराठी माध्यमात शिकलो म्हणून मान खाली घालून ईमेल लिहिणाऱ्यांनी एवढा विश्वास स्वतःवर ठेवायला हरकत नाही.