परदेशी सून आणि कायद्याचा उंबरठा

परमवीरचक्र या देशातील सर्वोच्च युद्धकालीन शौर्यपदकाची आखणी एका परदेशी कन्येने केली, हे आज किती जणांना ठाऊक आहे? स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ईव्ह यांनी १९३२ साली विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला आणि त्या सावित्रीबाई झाल्या. त्यांनी हिंदू धर्म स्वीकारला, संस्कृतचे अध्ययन केले. १९५२ मध्ये पतीचे निधन झाल्यावरही त्या याच भूमीत राहिल्या.

आज परदेशात स्थिरावलेले अनेक तरुण मायदेशी परतू लागले आहेत. काहींची सहचारिणी परदेशी पारपत्राची धारक असते. माप ओलांडताच ती घराची होते. शासनदरबारी मात्र 'परकीय'च राहते. पतीने पुरस्कृत करून पत्नीला 'कायम निवासी' करण्याची पाश्चात्त्य पद्धत आपल्याकडे नाही. तिच्यासाठी जवळचा मार्ग आहे तो ओसीआय कार्डाचा. त्यासाठी विवाह नोंदलेला व अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असावा लागतो, सुरक्षाविषयक पडताळणीही होते. पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिकत्व असलेल्यांना, किंवा ज्यांच्या आई-वडिलांपासून पणजोबांपर्यंत कोणाकडे ते होते अशांना, हा मार्ग बंद आहे. केवळ कागदोपत्री विवाह करून देशात शिरकाव करणारे असतात. तेव्हा ही दक्षता योग्यच म्हटली पाहिजे.

मधल्या काळात तिला प्रवेश व्हिसावर राहावे लागते आणि त्यावर नोकरी करता येत नाही. म्हणून परतण्याचा विचार असलेल्यांनी विवाहाची नोंदणी लांबणीवर टाकू नये. कार्ड मिळाल्यावर आजीवन ये-जा करता येते, खासगी नोकरीही करता येते. मतदान, घटनात्मक पदे आणि शेतजमिनीची खरेदी यांस मात्र मज्जाव आहे. पूर्ण नागरिकत्व हवे तर साधारणपणे सात वर्षांचे वास्तव्य आणि मूळ नागरिकत्वाचा त्याग अपरिहार्य आहे, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही.

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. विवाहाच्या आधारे मिळालेले कार्ड घटस्फोट झाल्यास रद्द होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने बाजू मांडण्याची संधी दिली, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु जिने वीस वर्षे येथे संसार केला, जिची मुले भारतीय नागरिक आहेत, तिचा येथे राहण्याचा आधार पतीच्या मर्जीवर अवलंबून असावा काय? देश सोडावा लागेल या भीतीने एखादी स्त्री घरातला छळ मुकाट्याने सोसत असेल, तर तो कायद्याचा विजय नव्हे. विवाहाच्या आरंभीच्या काळात कठोर परीक्षा जरूर घ्यावी. पण दीर्घ वास्तव्य आणि भारतीय अपत्ये असलेल्या स्त्रीला पतीनिरपेक्ष असे स्थान कायद्याने द्यावे. त्यासाठी संसदेने या तरतुदीचा फेरविचार करायला हवा.

समाजाचेही कर्तव्य आहेच. भाषा, सण, कुळाचार तिला प्रेमाने शिकवले तर ती शिकते. सुनेला गृहलक्ष्मी म्हणणाऱ्या संस्कृतीने तिचे पारपत्र पाहून माया मोजू नये. परक्या भूमीतून आलेली स्त्री या राष्ट्राशी किती एकरूप होऊ शकते, याची साक्ष प्रत्येक परमवीराच्या छातीवर आहे.