उपग्रहाला न दिसणारे जंगल

देशात वन किती, या प्रश्नाचे उत्तर डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून दिल्लीला नियमितपणे मिळत असते. २०२३ च्या अहवालानुसार वनाच्छादन ७ लाख १५ हजार ३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे भूभागाच्या २१.७६ टक्के आहे. वनाबाहेरील वृक्ष धरले की हा आकडा २५.१७ टक्क्यांवर जातो. २०२१ च्या तुलनेत १,४४५ चौरस किलोमीटरची वाढ झाली म्हणून समाधान व्यक्त करण्यात आले. त्या वाढीत प्रत्यक्ष वनाचा वाटा मात्र जेमतेम १५६ चौरस किलोमीटरचा होता. शिवाय एक हेक्टर जागेवर दहा टक्के वृक्षछत्र दिसले, की या मोजणीत ते वन ठरते. मग ती फळबाग का असेना.

आकडा खोटा आहे, असे कोणी म्हणणार नाही. पण तो एकाच प्रश्नाचे उत्तर देतो. जंगल एका खोऱ्यात टिकते आणि शेजारच्या खोऱ्यात का उजाड होते, हे उपग्रह सांगू शकत नाही. त्यासाठी वनस्पतिशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांना एका मेजावर बसावे लागते. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात १९९६ मध्ये एलिनॉर ऑस्ट्रॉम व एमिलिओ मोरान यांनी नेमके हेच केले. उपग्रहचित्रे, बुंध्यांची मोजमापे आणि गावकऱ्यांचे नियम यांची तेथे सांगड घातली गेली. कागदावरील संरक्षित दर्जापेक्षा स्थानिकांची देखरेख आणि त्यांना मान्य असलेले नियम अधिक निर्णायक ठरतात, हा त्या संशोधनपरंपरेचा निष्कर्ष. ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी अश्विनी छत्रे व अरुण अग्रवाल यांनी दहा देशांतील ८० सामूहिक वनांच्या अभ्यासातून दाखवून दिले, की वन मोठे आणि नियम ठरविण्याची स्थानिकांना मुभा असेल, तर कार्बनसाठा व उपजीविका दोन्ही साधण्याची शक्यता वाढते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तोही २००९ मध्येच, हा योगायोग बोलका आहे.

या निष्कर्षांकडे पाठ फिरविण्याची किंमत काय, हे हिमाचल प्रदेशाने दाखविले आहे. कांगडा जिल्ह्यातील अनेक दशकांच्या सरकारी वृक्षलागवडीचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. उपग्रहचित्रे आणि घरोघरचे सर्वेक्षण एकत्र ठेवल्यावर आढळले, की लागवडीने वृक्षछत्रात लक्षणीय भर पडली नाही आणि गावकऱ्यांच्या उपजीविकेलाही फारसा हातभार लागला नाही.

हा वाद विद्यापीठाच्या चार भिंतींपुरता नाही. २०३० पर्यंत वन व वृक्षांद्वारे अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्याची अतिरिक्त क्षमता निर्माण करू, असे वचन भारताने २०१५ मध्ये जगाला दिले. २०१६ च्या कायद्याने भरपाई वनीकरणाचा निधी उभा राहिला. मात्र २०२२ मध्ये ग्रेट निकोबारचे सुमारे १३० चौरस किलोमीटर वर्षावन प्रकल्पासाठी वळविण्यास तत्त्वतः मान्यता देताना भरपाईची झाडे समुद्रापार, हरियाणात लावण्याचे ठरले. हेक्टरास हेक्टर हा हिशेब वनखात्याच्या वहीत जुळतो; निसर्गाच्या वहीत तो कसा जुळावा?

संशोधनाला वेळ लागतो, धोरण थांबू शकत नाही, असा प्रशासनाचा युक्तिवाद असतो. तो अगदीच निराधार नाही. पण जंगलही तीन वर्षांच्या प्रकल्पात वाढत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने मुदुमलईत १९८८ पासून ५० हेक्टरांतील झाडांची नोंद ठेवली आहे. असे चिकाटीचे काम आपल्याकडे अपवाद आहे, हीच खरी अडचण.

तेव्हा वन सर्वेक्षणाची नकाशांसह मूळ माहिती विद्यापीठांना खुली करावी. भरपाई वनीकरण निधीचा निश्चित वाटा स्वतंत्र मूल्यमापनासाठी राखावा आणि त्या पथकांत समाजशास्त्रज्ञही असावेत. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या कार्यकक्षेत विज्ञान व सामाजिक शास्त्रांची सांधेजोड समाविष्ट आहेच; तिचा आरंभ वनांपासून करावा. पाहणी वरून आणि निर्णय दिल्लीतून, ही रीत चालू राहिली तर टक्केवारी वाढतच जाईल. जंगल वाढेलच, याची हमी मात्र कोणी देऊ शकणार नाही.