चुंबक आधी, भांडे मागाहून

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी आता गॅसच्या जोडीला इंडक्शन शेगडी आली असेल. आमच्याकडे ती गेल्या दिवाळीत आली. "हिला चुंबक चिकटणारीच भांडी लागतात, सात भांड्यांचा संच घेऊन टाका," असे दुकानदाराने बजावले. वीस वर्षे फॅरडेचा नियम शिकवणारा मी मुकाट्याने पाकिटात हात घालू लागलो. तोच आई म्हणाली, "अरे, मग आधी घरची भांडी चुंबक लावून पाहू की!" चौथी शिकलेल्या आईला जे सुचले ते मला सुचले नाही. म्हणून आज तुम्हाला आग्रहाने सांगावयाचे आहे : तपासल्यावाचून भांडे विकत घेऊ नका आणि तपासल्यावाचून टाकूही नका.

चुंबकच का? शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे चपटे वेटोळे असते. घरातील विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने असते. शेगडीतील मंडल ती वीस हजारांच्याही वर नेते. वेटोळ्याभोवतीचे चुंबकक्षेत्र तितक्याच वेगाने बदलते आणि फॅरडेने १८३१ साली दाखविल्याप्रमाणे भांड्याच्या तळात विद्युतप्रवाह उत्पन्न होतात. पाण्यातल्या भोवऱ्यासारखे ते तिथल्या तिथे फिरतात. भांडे तापते ते याच प्रवाहांमुळे. शेगडीत जाळ नसतो. जणू भांड्याचा तळ हीच शेगडी!

मग ॲल्युमिनियमचे पातेले का तापत नाही? प्रवाह त्यातही उत्पन्न होतात. पण ॲल्युमिनियमचा व तांब्याचा रोध फार कमी, म्हणून उष्णता थोडी. चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या लोखंडात मात्र हे प्रवाह तळाच्या अगदी पातळ थरात, मिलिमीटरच्या एकदशांश भागाच्या आसपास, दाटतात. वाट अरुंद, म्हणून रोध मोठा आणि उष्णताही मोठी. शिवाय लोखंडाचे चुंबकत्व सारखे उलटसुलट होत राहते, त्यानेही थोडी भर पडते.

येथे एक गंमत पाहा. पूर्वी स्टीलचे भांडे घेताना बायका चुंबक लावून पाहत. चिकटला की स्टील हलके, असा समज होता. त्यात तथ्य इतकेच, की सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेल्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही. निकेल नसलेल्या क्रोमियमच्या स्टीलला चिकटतो. तेच 'हलके' ठरलेले स्टील आता शेगडीवर मानाने बसते! कसोटी एकच, पण प्रश्न बदलला की उत्तराचा अर्थ बदलतो.

आमच्या घरी तपासलेल्या चौदा भांड्यांपैकी पाच उत्तीर्ण झाली. बिडाचा तवा पहिल्या क्रमांकाने! पितळी पातेले, तांब्याच्या बुडाची भांडी व ॲल्युमिनियमचा कुकर नापास. ज्या कुकरच्या बुडाला चुंबकीय स्टीलची चकती बसवलेली असते, तो मात्र चालतो. चुंबक बुडाला लावावा, कडेला नव्हे. बूडही सपाट हवे. गोल बुडाची लोखंडी कढई चुंबकाला चिकटेल, परंतु वेटोळ्यापासून अंतर वाढले की चुंबकक्षेत्र झपाट्याने क्षीण होते.

आता सफाईविषयी. काच स्वतः तापत नाही, ती भांड्यामुळे तापते. म्हणून भांडे उचलल्यावरही ती चटका देते. आतला पंखा थांबू द्या, मग बटण बंद करा आणि काच निवल्यावर ओल्या मऊ फडक्याने पुसा. पाण्याचे पांढरे डाग क्षारांचे असतात. लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने ते विरघळतात. तारेचा काथ्या वापरू नका आणि वरून पाणी ओतू नका. खाली विजेची मंडले आहेत. भांड्याचे बूडही पुसूनच ठेवा. राखेने घासलेल्या भांड्याला चिकटलेला वाळूचा कण काचेवर ओरखडा काढतो. घरात कोणाच्या हृदयाला पेसमेकर बसविला असेल, तर शेगडी वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. आपण वर्गात वेटोळे, चुंबक आणि गॅल्व्हानोमीटर दाखवितो, काटा हलतो, धडा संपतो. तो धडा स्वयंपाकघरापर्यंत का पोचू नये? स्वयंपाकघर म्हणजे आईचे काम आणि विज्ञान म्हणजे प्रयोगशाळेचे, ही वाटणी आपणच केलेली आहे. तिच्यापायी मी सात भांड्यांचे पैसे मोजणार होतो!

मुलांनो, घरच्या मोठ्यांना बरोबर घेऊन एक प्रयोग करा. एक लिटर पाणी झाकण ठेवून १५०० वॅटवर २५ अंशांपासून ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. पाण्याला लागणारी उष्णता २,५२,००० जूल. काहीच वाया न गेल्यास वेळ १६८ सेकंद. प्रत्यक्षात जास्त लागेल. किती जास्त, ते निरनिराळी भांडी घेऊन घड्याळ लावून पाहा आणि वहीत लिहा. मग कोणते भांडे चांगले, हे दुकानदाराने सांगण्याची गरज उरणार नाही. तुम्हीच त्याला सांगाल.