दोन हिरवे, एक भिंत



दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या आदिलाबादेत रंगकामं निघतात. शेड कार्डावर दोन सारखे रंग उरले, की घरात दोन पक्ष पडतात. त्यातही राखाडी झाक असलेले हिरवे फार फसवे.

मी दिवसभर स्क्रीनपुढे बसतो, पण भिंतीचा रंग स्क्रीनवर ठरवत नाही. स्क्रीन स्वतः उजेड देते, भिंत मात्र तिच्यावर पडलेलाच उजेड परत करते. त्यामुळे 2700 केल्व्हिनच्या पिवळ्या दिव्याखाली आणि 6500 केल्व्हिनच्या पांढऱ्या ट्यूबखाली तोच हिरवा वेगवेगळा दिसतो. सागाच्या तांबूस चौकटीशेजारी तर तो आणखी हिरवा वाटतो.

उजेडाइतकाच डोळाही महत्त्वाचा. सध्या आमच्याकडे आईच्या खोलीसाठी दोन रंग उरलेत, एक पिवळसर शेवाळी आणि एक किंचित निळसर. आम्हा दोघांना निळसर आवडला. आई म्हणते, "अरे, दोन्ही सारखेच तर आहेत!" तिचं खरंच आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, निळा प्रकाश आत कमी पोचतो आणि असे फरक पुसट होतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर निळा पुन्हा उठून दिसू लागतो. आईचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. आज आम्ही निवडला, तर उद्या ती नव्या नजरेनं आमची आवड बघत बसणार. म्हणून तिच्या खोलीत पुट्टी आणि प्रायमरवर काम थांबवलंय.

तुमच्याकडेही असा पेच असेल, तर एवढं करा:

• दोन फुटी पुठ्ठ्यांवर प्रत्येकी दोन हात मारा. कडेनं पांढरी पट्टी सोडा, म्हणजे जुन्या रंगाची छाया पडणार नाही.
• पूर्ण वाळल्यावर सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा. पुठ्ठा आडवा नको, भिंतीला उभा टेकवा.
• शेडचा एलआरव्ही विचारा. 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पांढरा. खिडकी लहान असेल तर मोठा आकडा बरा.
• डब्यावर शिशाची माहिती वाचा. नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांत 90 पीपीएमपेक्षा जास्त शिसं चालत नाही. घरात लहान मूल असेल तर हे आधी बघा.

एवढं करूनही दोन्ही आवडले, तर मतदान घेऊ नका. खोली ज्याची, निवड त्याची.